सेव्ह केलेली पत्रं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीतल्या तुरुंगात कुणीतरी दान दिलेला एक कॉम्प्युटर आला आणि तो शिकवायला गावातल्याच विश्रामबागच्या कॉम्प्युटर क्लासमधून मला धाडलं. मी तेवीस वर्षांची, शिष्टपणा अंगात भरपूर. आठ कैदी चपला दाराबाहेर काढून देवळात बसावं तसे बसलेले बघून मला चेवच आला. मी इंटरनेटविषयी भाषण ठोकलं. कॉम्प्युटरवर लिहिलेलं क्षणात अमेरिकेतसुद्धा वाचता येतं, वगैरे. आपल्या या खोलीत साधी फोनची तारही नाही, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

त्या आठांत पन्नाशीचे एक काका होते, कोयनानगरकडचे. भावकीतल्या मारामारीत एक जण दगावला आणि यांना शिक्षा लागली. त्यांची मुलगी विश्रामबागेत मामाकडे राहून दुसऱ्या एका क्लासात कॉम्प्युटरच शिकत होती. म्हणजे तुरुंगापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. पण दोन वर्षांत ती एकदाही भेटायला आली नव्हती.

"राग हाय तिला माजा," ते म्हणत. "बरोबरच हाय म्हना. पर एकदा बोलली असती तर लय बरं झालं असतं."

प्रत्येकाला वीस मिनिटं मिळत. बाकीचे चित्रं काढत, पत्त्यांचा डाव मांडत. काका फक्त मराठी टाइप करत. एकेक अक्षर शोधायला इतका वेळ लावत की माझं डोकं उठे. "उरका की हो काका!" मी खेकसायची. उठताना ते दर वेळी विचारत, "सेव केलं म्हंजे पोचलं न्हवं?" मी पुढच्याला बसवायच्या घाईत "हो, हो" म्हणून मोकळी व्हायची. त्या "हो, हो"चा राग मला आजही येतो.

खंडेनवमीला सगळ्यांनी मिळून मशीनची पूजा केली. काकांनी झेंडूचं फूल की-बोर्डवर ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मला हसू आलं होतं.

दिवाळीनंतर मशीन फारच रेंगाळायला लागलं, म्हणून मी जुन्या फायली काढायला बसले. चाळीसेक फायलींना एकच नाव होतं, मुलीचं, आणि पुढे आकडे. मी एक उघडली. "बाळ, मीबी आता तुझंच शिकतोय. मामीला कामात मदत करत जा. वाचलंस तर एवढंच लिही, की वाचलं." दुसरीत होतं, "आज काही आलं नाही. तुमच्या क्लासला सुट्टी असंल." पुढच्या उघडायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या तासाला मी त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. यातलं काहीच बाहेर गेलेलं नाही, चूक माझी. बोलताना माझेच डोळे भरले. जेलर साहेबांची परवानगी काढते, सगळी पत्रं कागदावर छापून पोस्टात टाकते, असंही म्हटलं.

काकांनी बंद पडद्यावरची धूळ हाताने पुसली.

"पोस्टानं धाडलेली समदी माघारी आली, म्याडम," ते म्हणाले. "ह्यातलं एकबी माघारी आलं न्हाई. मला वाटलं, वाचती."