पत्र्याचा माणूस आणि सतरा नंबर

आता त्या फजितीचं काय सांगू तुम्हाला! आधी चहाचा घोट गिळा, नाहीतर नाकातून येईल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी हसनाबादच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. भोकरदनच्या बाजारात तंबू लागला होता, ‘बोलणारा, विचार करणारा यंत्रमानव!’ सातवीचा वर्ग घेऊन मी निघालो.

आत हा उंच पत्र्याचा माणूस! डोळ्यांत लाल दिवे, छातीला जाळी. पाढे विचारा, धडाधड म्हणतो.

आमची शकिला भारी चौकस. “गुरुजी, ह्यो बोलून राह्यला, इचार करून राह्यला. मंग जित्ता का न्हाई?”

भोवती अर्धा बाजार जमलेला. मी छाती फुगवून म्हणालो, “सजीवांची लक्षणं कालच शिकवली ना? हा जिवंत निघाला, तर सोमवारी मी सातवीच्या शेवटच्या बाकावर बसेन!”

कोणी सांगितलं होतं हो मला?

“हा खातो का?”

“न्हाई!” पोरं ओरडली.

“श्वास घेतो का?” मी जाळीवर तळहात दाबून धरला. आतून ठसका आला.

“यंत्रात कचरा अडकलाय,” मी म्हणालो. “बरं, याला पिल्लं होतात का?”

आतून घोगरा आवाज आला, “दोन हायत, गुरुजी.”

लोक पोट धरून हसले. मी मात्र ठाम! “पढवलेलं आहे सगळं. बिलकुल निर्जीव!”

एसटीची वेळ झाली, म्हणून तिथेच हजेरी सुरू केली. माझ्या हजेरीचा दरारा असा, की ओ द्यायला उशीर झाला की छडी!

“सोळा?”

“हजर!”

“सतरा?”

“हजर, गुरुजी!” दोन आवाज आले. एक शकिलाचा, दुसरा पत्र्यातून!

डोक्याचं झाकण उघडलं. घामाने निथळणारा एक गडी कान पकडून उभा. “जुनी सवय हाय, गुरुजी. तुमचा आवाज ऐकला का तोंडातून निघूनच जातंय.”

“तू कोण रे?”

“नामदेव. सतरा नंबर. तीन साल तुमच्याच वर्गात व्हतो, शेवटच्या बाकावर.” तो हसला. “तवाबी तुमाला पत्ता न्हाई लागला का मी जित्ता हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी शब्द पाळला. शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. हजेरी शकिलाने घेतली, अगदी माझ्याच थाटात, मान वर न करता.

सगळ्यांची नावं झाली आणि तिने वही मिटली. शेवटच्या बाकावर मीही जिवंत आहे, याचा तिला पत्ताच लागला नव्हता!