पूर्वाचा डावा पाय

ललिता येरवड्याच्या पोस्टात काउंटरवर बसते. समोरच्या माणसाला जे असेल ते एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं, हा तिचा खाक्या. मुलीच्या पायाबद्दल मात्र घरात ती कितीतरी दिवस आडवळणानेच बोलत राहिली.

पूर्वा जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. तान्हेपणी प्लास्टर घालून ते सरळ केलं, पुढे झोपताना दांडीने एकमेकांना जोडलेले बूट घातले. बालवाडीपर्यंत सगळं ठीक चाललं. पाचवं वर्ष लागलं आणि पाऊल पुन्हा आत ओढू लागलं. ती पावलाच्या कडेवर चालायची, टाच टेकायची नाही, पळताना स्वतःच्याच पायात अडकून पडायची. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टर पद्मजा यांनी तपासून सांगितलं, की पावलाला आत ओढणारा स्नायूचा दोर सोडवून मधोमध बसवावा लागेल, म्हणजे पाऊल सरळ उचललं जाईल. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर.

ललिताचा नवरा प्रज्ञेश लगेच तयार झाला. तयार नव्हते ते सासरे, संभाजी. तान्ह्या पूर्वाला प्रत्येक प्लास्टरच्या वेळी मांडीवर धरून बसलेले तेच होते, तिचं रडणं त्यांच्या कानातून गेलेलं नव्हतं. जेवताना ते म्हणाले, "चालतेय ना पोरगी? मग कशाला ही कापाकापी?"

पूर्वा शेजारीच वरणभात खात होती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

तारीख ठरल्यावर ललिताने तिला सांगितलं, की पायाचं छोटंसं ऑपरेशन आहे, जायचं आणि लगेच घरी यायचं. पूर्वाने मान हलवली. काही विचारलं नाही, रडली नाही. पोर समजूतदार आहे, असं सगळे म्हणाले.

पण तिचं जेवण कमी झालं. सुटलेली सवय परत आली, ती अंथरूण ओलं करू लागली. एका रविवारी ललिता वाळलेले कपडे घेऊन खोलीत आली, तर पूर्वा पलंगाची कड धरून एका पायावर उड्या मारत होती. डावा पाय गुडघ्यात दुमडून मागे धरलेला. चेहरा घामाने भिजलेला. लंगडी खेळतेस का, असं ललिताने हसत विचारलं.

"नाही," पूर्वा म्हणाली. "सवय करायचीये."

"कसली सवय?"

"एका पायाची. कोंडीकाकांना लवकर आली नाही ना, म्हणून ते पडायचे."

ललिता हातातल्या कपड्यांसकट खाली बसली. शेजारचे कोंडीराम साखरेच्या आजाराने बेजार होते. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हाही सगळ्यांनी पूर्वाला हेच सांगितलं होतं, काकांच्या पायाचं ऑपरेशन आहे, लगेच येतील. काका आले ते एक पाय गमावून. आणि ही पोर रोज चोरून, एकटीच, तयारी करत होती.

पाय काढणार नाहीत, हे ललिताने तिला जवळ घेऊन परोपरीने समजावलं. पूर्वाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आबा कापाकापी का म्हणाले?"

संध्याकाळी हे कळल्यावर संभाजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग चप्पल घालून कोंडीरामांकडे गेले. ज्याचा पाय गेला त्यालाच पोरीशी बोलायला सांगायचं, हे त्यांना फार जड गेलं. कोंडीराम मात्र कुबड्या घेऊन लगेच आले. त्यांनी पूर्वाला समोर बसवलं.

"बोटं हलव बघू."

पूर्वाने डाव्या पायाची बोटं हलवली.

"माझी हलत नव्हती, बाळा. माझा पाय आतून सडला होता, तो ठेवला असता तर मी गेलो असतो. तुझा जिवंत आहे. असला पाय कोणी काढत नाही."

तिने बराच वेळ त्यांच्या दुमडलेल्या लेंग्याकडे पाहिलं. मग विचारलं, पाय काढणार हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं का? कोंडीरामांनी नकारार्थी मान हलवली. नव्हतं सांगितलं, म्हणाले. ते ऐकून ललिता पूर्वाच्या शेजारी येऊन बसली.

ऑपरेशनच्या सकाळी संभाजींनी बुद्धापुढे त्रिसरण म्हटलं आणि नातीला स्वतः उचलून रिक्षात बसवलं. ललिताने डॉक्टरांना सगळं सांगून ठेवलं होतं. पद्मजाताई हसल्या नाहीत. कुठे छेद घेणार, ते त्यांनी पूर्वाच्या पायावर पेनाने रेघ ओढून दाखवलं. तरी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी पोचल्यावर पूर्वाने आईचा दंड असा धरला, की सिस्टरला बोटं सोडवावी लागली. बाहेर प्रज्ञेश येरझाऱ्या घालत होता, संभाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. ललिताला एकच भीती होती, की काही चुकलंच तर आपल्या शब्दावर ही पोर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही.

शुद्धीवर येताच पूर्वाने आधी पांघरूण वर करायला लावलं. पाय होता, प्लास्टरमध्ये. मग ती दुखतंय म्हणून जोरात रडली. तिला इतक्या दिवसांनी रडताना पाहून ललितालाही रडू आलं.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काडीसारखा झाला होता. पूर्वा त्यावर भार द्यायलाच तयार होईना. व्यायाम, रुसणं, पडणं, पुन्हा व्यायाम. हळूहळू टाच जमिनीला लागू लागली. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की वाढ पुरी होईपर्यंत लक्ष ठेवायचं, पाऊल पुन्हा वळूही शकतं.

रिक्षातून परतताना पूर्वाने विचारलं, "पुन्हा ऑपरेशन करतील?"

"माहीत नाही," ललिता म्हणाली. "कदाचित."

"मला सांगशील?"

"पहिल्यांदा तुलाच सांगेन. जे होणार असेल तेच सांगेन."

थोड्या वेळाने पूर्वाने आईच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि घर येईपर्यंत तिला झोप लागली.