चकचकीत पुंगळ्या

ते प्रकरण अजूनही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नव्वदच्या दशकात, पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी बहारीनमध्ये एका नेमबाजी क्लबचा सुरक्षा अधिकारी होतो. तिथे झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या धुऊन पुन्हा भरल्या जात. धुण्याचं काम नागपूरकडच्या एका तंत्रज्ञाकडे होतं.

एका सकाळी सरावात पुंगळी फाटली आणि नेमबाजाचा गाल भाजला. तासाभरात पहारेकऱ्याने माझ्या कानात खबर सोडली, "तो पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात धुतो."

सेक्रेटरी मुंबईचे. कोटावर क्लबचे तीन बिल्ले, तिन्ही स्वतःच स्वतःला बहाल केलेले. म्हणाले, "त्याचा व्हिसा कॅन्सल, खलास. पहिल्या विमानाने घरी. तुम्ही फक्त रिपोर्ट द्या."

चौकशीआधी रिपोर्ट लिहिण्याची मला सवय नव्हती. तंत्रज्ञाला समोर बसवून चहा दिला.

"चिंच वापरतोस?"

"वापरतो जी, धुण्याची मशीन बंद पडल्यापासून. मायनं जन्मभर पाण्याचे पितळी गुंड चिंचेनंच घासले साहेब, एक तरी फुटला काय?"

"मग ही कशी फुटली?"

"ही माझ्या हातची नाही. माझी स्वच्छ असते, आरसा नसते."

फाटलेली पुंगळी मी नाकाशी नेली. बुडाच्या खाचेत पांढरी पूड होती. वास ओळखीचा, परेडच्या आदल्या दिवशी पट्ट्याच्या बक्कलला लावायच्या पॉलिशचा. त्यातला अमोनिया पितळाला तडे पाडतो, हे आमच्या शस्त्रागाराचा हवालदार प्रत्येक नव्या शिपायाला शिवीसकट शिकवायचा.

मी सेक्रेटरींकडे गेलो. "गेल्या महिन्यात मोठे पाहुणे आले तेव्हा पुंगळ्या काय झळकत होत्या! त्याबद्दल तरी त्याला शाबासकीचं पत्र देऊ."

"त्याला?" सेक्रेटरी ताठ झाले. "अहो, समोर उभं राहून मी शिपायांकडून घासून घेतल्यात! ट्रॉफ्यांचं पॉलिश, अख्खे दोन डबे!"

"लेखी द्याल?"

दिलं. सही, हुद्दा, शिक्क्यासह. हुद्द्याखाली दोन रेघाही मारल्या.

दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर मी तो जबाब वाचला आणि तडा गेलेल्या आणखी सहा पुंगळ्या टेबलावर ओतल्या. सगळ्या आरशासारख्या. व्हिसा शाबूत राहिला. उरलेल्या चकचकीत पुंगळ्या ठेचण्याचा हुकूम निघाला तेव्हा तंत्रज्ञाने हातोडा उचलला, "यल्ला, चला साहेब!" सेक्रेटरींना साक्षीदार म्हणून उन्हात उभं राहावं लागलं. बिल्ल्यांसह.

दरडावून जे कबूल होत नाही, ते श्रेय दुसऱ्याला देऊ केलं की माणूस आपणहून सांगतो. सगळ्या नोकरीत इतकी सोपी उलटतपासणी मी दुसरी केली नाही.

माझ्या पट्ट्याचं बक्कल मात्र त्यानंतर मी चिंचेनेच घासलं.