झुंबरकाकींचा गरम टोस्ट

झुंबरकाकींचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतो. म्हशीच्या दुधात पाणी दिसलं की दूधवाल्याची खैर नाही, आणि दारात गाडी लावून वर हुज्जत घालणारा कुणीही त्यांच्यापुढं आजवर टिकलेला नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, म्हणून छातीठोकपणे सांगते. पण हीच बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तव्यावरची फुगलेली भाकरी आधी हंबीररावांच्या, म्हणजे नवऱ्याच्या ताटात, मग पोराच्या, मग आल्यागेल्याच्या. रविवारी मटणाच्या पातेल्यात तळाला रस्सा उरला तर तो काकींचा. मला याचा भयंकर राग यायचा. काकींना तो येत नव्हता, याचा तर जास्तच.

दिवाळीला पुण्याहून आलेला त्यांचा पोरगा, विश्वजित, वॅफलचं मशीन ठेवून गेला. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी काकींना सांगितलं, की ब्रेड अंड्या-दुधात बुडवून यात दाबला की चौकटी-चौकटींचा गोड टोस्ट होतो.

"गोड म्हंजे साखर?" काकींनी नाक मुरडलं. नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, तरी या घरात गूळच चालतो. काकींनी अंड्या-दुधातच बचकभर गूळ किसून घातला आणि झाकण दाबलं. गूळ करपला, ब्रेड असा चिकटला की झाकण उघडेना. घरभर धूर झाला.

"टाक ते भंगारात!" हंबीरराव बाहेरच्या खोलीतून ओरडले.

"आदी तुमची फटफटी टाका भंगारात!" काकींनी तिथूनच सुनावलं आणि लाकडी उलथन्यानं मशीन खरवडायला घेतलं.

दुसऱ्या खेपेला गूळ बाहेर राहिला. अंड्या-दुधात वेलदोडा पडला, मशीनला लोणी लागलं आणि टोस्ट निघाल्यावर वरून काकवीची, म्हणजे पातळ गुळाची, धार. असा काही जमला की हंबीरराव रोज उठल्या उठल्या ताटली घेऊन बसायला लागले. मशीनमध्ये एका वेळी एकच टोस्ट मावतो. म्हणजे पुन्हा काकी उभ्या आणि बाकीचे बसलेले. दूध-अंडं संपलं की ताटल्यांत उरलेले गार, वातड तुकडे काकी उभ्याउभ्याच तोंडात टाकायच्या.

"काकी, एक तरी गरम खावा की," मी म्हणायची.

"खाते गं. मला कुटं कामावर जायचंय?"

मग एका रविवारी सकाळी काकींचे दीर अमरसिंह कागलहून बायकोपोरांसकट आले. टोस्टची चव त्यांना आधीच्या फेरीत कळलेली होती. सगळे ताटल्या घेऊन टेबलाभोवती बसले. मी काकींच्या हाताखाली ब्रेड भिजवत होते.

"वहिनी, गरम आसंल तरच द्या हं," अमरसिंह म्हणाले. "गार झाल्यावर ह्यो टोस्ट कुत्रं बी खाणार न्हाई."

सगळे खो-खो हसले. हंबीररावही हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांचा हात झाकणावर तसाच थांबला.

मशीनचा दिवा विझला. काकींनी टोस्ट काढला, त्यावर काकवी ओतली, एक खुर्ची ओढली आणि सगळ्यांच्या मधोमध बसून पहिला घास घेतला. कुर्रकन आवाज झाला.

"अगं, पावणं बसल्यात," हंबीरराव दबक्या आवाजात म्हणाले.

"मग बसू द्या की. मी बी बसलीया."

काकींनी सावकाश, बोटं चाटत अख्खा टोस्ट संपवला. मला इतका आनंद झाला की मी दुधाचं भांडं जवळजवळ सांडलंच.

"भावजी, खरं बोललासा," काकी दिराला म्हणाल्या. "लई फरक हाय. रोज मीच करतीया, पर गरम कसा लागतो ते मला आज कळालं."

यावर कुणालाच हसू आलं नाही. हंबीरराव खाली बघत रिकामी ताटली फिरवत राहिले. काकी उठल्या, दुसरा ब्रेड मशीनमध्ये दाबला. सगळ्यांना हायसं वाटलं असावं. दिवा विझला, टोस्ट निघाला, आणि अमरसिंहांनी संकोचत ताटली पुढं केली.

काकींनी तोही टोस्ट आपल्याच ताटलीत घेतला.