जानेवारीतली काळी छत्री

दिल्लीच्या जानेवारीत ऊन पडलं की अख्खी कॉलनी लॉनवर उतरते. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत रविवारी दुपारी चटया, विणकाम, संत्री, शेंगांच्या टरफलांचा सडा. आठवडाभर धुक्यात गारठलेली माणसं उन्हाला पाठ देऊन बसायची. आणि सगळ्यांच्या मधोमध आमची विमलताई, डोक्यावर भलीमोठी काळी छत्री उघडून! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय.

तिच्या सासूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, शेजारी बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "उन्हानं कधी कुणी आजारी पडलंय का? नखरे नुसते!"

विमलताई एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती. तिचे सांधे दुखायचे, ताप यायचा, ऊन लागलं की गालांवर लाल चट्टा उठायचा. डॉक्टर म्हणायचे, "वहम है, मॅडम." आजी म्हणायच्या, पोळ्या टाळायचं निमित्त. अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी सरकारी इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं. आधी एएनए नावाची चाचणी, मग डीएनएवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची. निदान झालं, ल्युपस. त्या संध्याकाळी विमलताईनं जिन्यातल्या प्रत्येक घरी पेढे वाटले.

"बढती मिळाली वाटतं?" मी विचारलं.

"छे गं! ल्युपस झालाय. कागदावर आलं बघ! आता म्हणू देत कुणाला म्हणायचंय ते नखरे."

आजींनीही पेढा खाल्ला. "कागदावर काय, हल्ली वाट्टेल ते छापतात," म्हणाल्या आणि दुसरा उचलला.

हा ल्युपस म्हणजे नक्की काय, ते विमलताई तिच्या पद्धतीनं समजावायची. "आपल्या गेटवरचा नवा गार्ड आहे ना? चोरांना सलाम ठोकतो आणि मला रोज विचारतो, 'किसके घर जाना है?' तसलेच गार्ड माझ्या रक्तात भरलेत. घरच्यांनाच बडवतात मेले. म्हणून अधूनमधून रक्त देऊन बघायचं, किती माजलेत ते."

पुढच्या संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकू होतं. तेव्हा बाजारात नव्या प्लॅस्टिकच्या डब्यांचा पूर आला होता. आम्हाला वाटलं, त्यातलंच काही वाण मिळेल. विमलताईनं वाण दिलं ते रक्ततपासणीचं! नोएडात नुकत्याच उघडलेल्या एका लॅबचा माणूस तिनं थेट दिवाणखान्यात आणून बसवला होता. एका हाताला अत्तर, दुसऱ्या हाताला सुई. "वाट्या-गाळण्या ढिगानं आहेत तुमच्याकडे," ती म्हणाली. "माझी वर्षं फुकट गेली, तुमची जायला नकोत." आम्ही निमूटपणे बाह्या वर केल्या.

आठवड्याभरात रिपोर्ट आले आणि नुसता गोंधळ उडाला. देसाईवहिनींच्या आणि आणखी काहीजणींच्या रक्तात एएनए किंचित सापडलं. वहिनींनी अंथरूण धरलं. देसाई जन्मात पहिल्यांदा चहा करायला शिकले. कुलकर्णीवहिनींच्या रक्तात काहीच निघालं नाही, तर त्या भडकल्या. "माझे गुडघे एवढे ठणकतात आणि मलाच काही नाही? वाणातसुद्धा दुजाभाव!" रविवारी लॉनवर पाहते तर काय, काळ्या छत्र्यांची रांग. खन्ना आंटींनी मला हळूच बाजूला घेतलं. "आप मराठी लोगों का कोई व्रत चल रहा है क्या?"

विमलताईनं ती रांग पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! काय करून बसले मी!"

दुसऱ्या दिवशी तिनं सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडे नेली. फिरायला मिळतंय म्हणून आजीही आल्या.

"इन सबको तकलीफ क्या है?" बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं."

"तो टेस्ट क्यों करवाया?"

"संक्रांत थी," विमलताई म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांनी शांतपणे समजावलं. धडधाकट माणसांच्या रक्तातही एएनए थोडंफार सापडतं. नुसत्या त्यावरून ल्युपस ठरत नाही. आधी शरीरानं तक्रार करायची, मग रक्ताला विचारायचं. छत्र्या मिटल्या. देसाईवहिनींचा चेहरा मात्र जरा पडलाच.

मग बाईंनी विमलताईचे स्वतःचे ताजे रिपोर्ट उघडले आणि त्या गंभीर झाल्या. डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं एकदम चढली होती, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं घसरली होती, लघवीतून प्रथिनं जात होती. मूत्रपिंडांना धोका होता. औषध आजच वाढवायला हवं, त्या म्हणाल्या.

"पर मैं तो बिल्कुल ठीक हूँ!" विमलताई म्हणाली. खोटं नव्हतं ते. संक्रांतभर ती नुसती धावत होती. त्याच औषधाच्या गोळ्यांनी मागे तिचा चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला होता, ते दुःख वेगळंच. "मशीन बिघडलं असेल त्यांचं," ती मला मराठीत पुटपुटली. "मला काही होत नाहीये गं, खरंच." मी फार घाबरले होते.

आजींना हिंदी धड कळत नसे. "काय म्हणतेय ती डॉक्टरीण?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. आजींनी टेबलावरचा रिपोर्ट ओढून घेतला, उलटा धरूनच बराच वेळ पाहिला आणि सुनेपुढे ठेवला.

"कागदावर आलंय ना? मग गप औषध घे."

विमलताई आजींकडे बघतच राहिली. मग घळाघळा रडली आणि रडता रडता हसायला लागली. औषध तिनं त्याच दिवशी वाढवलं. चेहरा पुन्हा सुजला, आजी येणाऱ्याजाणाऱ्याला दटावून सांगायच्या, "औषधानं आहे ते, बघत काय बसलात!" मूत्रपिंडं वाचली. पुढे कित्येक वर्षं रक्तातले गार्ड कधी माजले, कधी निवले, आणि विमलताई तपासायला जात राहिली. आजी बरोबर असायच्याच.

विमलताई गेली ती छातीतल्या संसर्गानं, जानेवारीतच. तिला खाली आणून लॉनवर ठेवलं तेव्हा बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं. सगळी सोसायटी उन्हात उभी होती. तेवढ्यात आजी जिना उतरून आल्या. पार वाकल्या होत्या. त्यांनी काळी छत्री उघडली आणि विमलताईच्या चेहऱ्यावर धरली. देसाई पुढे झाले, हलकेच म्हणाले, "आजी, द्या इकडे. आता कशाला ती?"

आजींनी छत्री सोडली नाही.

"तिला ऊन सोसत नाही," त्या म्हणाल्या.