आमची घाबरट स्कूटर-टोळी

गुडघ्यावरची खपली आठवड्याभरात गळून पडते, पण तिच्यामागचा किस्सा काही गळत नाही. पांढरकवड्यातल्या कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात रोज संध्याकाळी आम्ही स्टंट स्कूटर शिकतो, त्यामुळे आमच्याकडे दोन्हींचा साठा भरपूर! पेट्रोलची स्कूटर नव्हे हं. एक फळी, मुठीएवढी दोन चाकं आणि हँडल, पायाने ढकलायची. बंगळूरला हॉस्टेलात असताना मी ती शिकलो आणि आपल्या गावातल्या मुलामुलींच्या मनातली भीती घालवायचीच, असं ठरवून परत आलो. आल्यापासून सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस मीच आहे! शिकणारे पाच, त्यांच्या आयाही पाच, आणि प्रत्येकीला मी शब्द देऊन बसलोय, "काकू, काही होणार नाही."

* * *

रॅम्प बनवायला मिस्त्रींकडे गेलो. कमरेएवढी उंची, वर सपाट, पुढे गुळगुळीत उतार, असं चित्र काढून दिलं.

मिस्त्रींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे कायले पाह्यजे?"

"यावरून खाली यायचं, काका."

"मंग पायऱ्याच करून देतो न! म्हातारं माणूसबी उतरते!"

* * *

नवी स्कूटर आली, तशी टोळीतल्या सोहमची आई पूजेचं ताट घेऊन हजर. हळदकुंकू झालं. नव्या गाडीने लिंबू चिरडून निघायचं, म्हणून चाकाखाली लिंबूही ठेवलं. पण एवढंसं चाक, लिंबावर चढेचना!

"दुरून पयत ये रे," काकू म्हणाल्या.

'नको' म्हणायचा मला धीर झाला नाही. सोहम दुरून सुसाट आला. स्कूटर लिंबापाशी जागच्या जागी थांबली. सोहम थांबला नाही!

जुन्या जीन्समध्ये कापूस कोंबून आम्ही गुडघ्याचे पॅड केले होते, त्यांवरच तो आपटला. थोडं खरचटलं. मी काकूंकडे पाहिलं.

"पाहा!" काकू म्हणाल्या. "गुडघ्यावर निभावलं. लिंबू नसतं ठेवलं तर डोकंच फुटलं असतं पोराचं!"

* * *

ही बातमी प्रणालीच्या घरी पोचली. प्रणाली नववीत, आमच्यातली सगळ्यात तयार मुलगी. तिचे बाबा, सुधाकरकाका, हैदराबाद लाइनला ट्रक चालवतात. दुसऱ्याच दिवशी ते फाटकात उभे.

"जय भीम, सर. रविवारी येऊन पाहतो मी. मले पटलं तर शिकन पोट्टी. नाही तर त्याच दिवशी बंद."

मी मान डोलावली. प्रणाली मात्र रडकुंडीला आली. मिस्त्रींनी शेवटी करून दिलेल्या रॅम्पवरून ती अजून एकदाही उतरली नव्हती.

* * *

तिला धीर यावा म्हणून मी सगळ्यांना पुन्हा साध्या उडीपासून सुरुवात करायला लावली. खडूची रेघ ओढली. गुडघे वाकवायचे, हँडल वर खेचायचं आणि स्कूटरसकट रेघ ओलांडायची. भीतीवर दहा मिनिटं भाषणही दिलं.

सोहम आला, वाकला, उडाला. रेघेच्या पलीकडे मस्त उभा राहिला. स्कूटर अलीकडे आडवी!

"दादा, मी तं उडालो. स्कूटरच भेली!"

* * *

शुक्रवारी मी स्वतःच हवेत फळी गोल फिरवून दाखवायला गेलो. फळी फिरली आणि बरोब्बर घोट्यावर बसली. डोळ्यांपुढे काजवे! तरी हसत म्हणालो, "बघा, काही होत नाही."

"दादा, डोळ्यात पाणी काहून आलं?" प्रणालीने विचारलं.

"धूळ गेली."

"मंग पाय काहून चोळून राह्यले?"

* * *

रविवार उजाडला. सुधाकरकाका आले. टायर तपासावा तशी रॅम्पला लाथ मारून पाहिली.

प्रणाली वर चढली. मागचं चाक काठावर, पुढचं हवेत. आता सगळं अंग पुढे झोकून द्यायचं. भिऊन मागे झुकलं की पाठीवर आपटणार, हे तिला माहीत होतं. मलाही.

"बाबा, जाऊ?"

काकांनी माझं मनगट गच्च धरलं.

खट्! सर्रर्र... मग सगळं चिडीचूप.

मी डोळे उघडले. पार भिंतीपाशी प्रणाली स्कूटरवर उभी होती. धडधाकट!

"पाह्यलं का?" ती ओरडली.

सोहमने तोंडावरचे हात हळूच खाली घेतले. बाकीच्यांची तोंडं अजून दुसरीकडेच होती.

"दादा, तुम्ही तरी?"

मी खाली बघू लागलो.

काकांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. लेकीला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. माझं मनगट सोडलं नाही.

"नाही पाह्यलं," ते म्हणाले. "पुन्हा कर."