काचेच्या बोटीतली कणीक

दहावीचा निकाल लागल्यावर मुलगी म्हणाली, "समंदर देखना है," म्हणून आम्ही अंदमानला गेलो. देवासहून निघताना तिनं एकच अट घातली. "आई, प्लीज, वहाँ जाके देवास मत करना." म्हणजे चारचौघांत शेवेची पाकिटं फोडायची नाहीत, दिसेल त्याला भैयाऐवजी आमच्याकडचं 'भिया' म्हणायचं नाही. मला राग आला, पण गिळला. त्या सहलीकडून मला एवढंच हवं होतं, की पोरीला आमची लाज वाटू नये.

सुरुवातीचे दिवस मी अगदी शहाण्यासारखी वागले. मग तळाला काच बसवलेली ती बोट आली. काचेखाली प्रवाळ होते, काही कोबीच्या गड्ड्यांसारखे, काही हरणाच्या शिंगांसारखे, आणि त्यांच्यामधून निळेपिवळे मासे निवांत हिंडत होते. मुलगी ओणवी होऊन बघत होती. मध्येच तिनं माझा हात धरला. "आई, देख ना." कितीतरी महिन्यांनी तिनं असा हात धरला होता. मी हरखले, आणि तिथेच चुकले.

धरमपुरीला नर्मदेत नाव शिरली की आमच्या घरचे माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. निघताना सासूबाईंनी पिठाची पुडी दिली होती. म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या पाण्यावर निघालात, रिकाम्या हातानं जाऊ नका." सकाळी हॉटेलातल्या चहाच्या कपात मी ती कणीक मळली होती. पर्समधून डबी काढली, सगळ्या गोळ्या पाण्यात सोडल्या आणि वर नमस्कारही केला.

बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. "मॅडम, क्या डाला? यहाँ मछली को खिलाना मना है. चढ़ते वक़्त सबको बताया था."

सांगितलं होतं. तेव्हा मी डबीचं झाकण घट्ट बसलंय का ते बघत होते.

"भिया, घर का आटा है, एकदम शुद्ध," असं म्हणून यांनी त्यात भर घातली. कुणीतरी फिस्सकन हसलं. अशा वेळी धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण तिथे धरणीसुद्धा नव्हती. आणि खाली काच. माझ्या गोळ्या एकेक करून बुडताना बोटभर लोकांना स्वच्छ दिसत होत्या.

मुलीनं हात केव्हाच सोडला होता. ती पलीकडच्या बाकावर एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसली. त्या बाईनं हळूच विचारलं, "आपके साथ हैं?"

मुलगी काचेकडे बघत राहिली. शेवटची गोळी दिसेनाशी झाली तेव्हा म्हणाली, "हाँ. मम्मी हैं."

नाही म्हणाली असती, तर मला निदान तिच्यावर रागावता आलं असतं.